विजेचा धक्का: व्होल्ट, अँपिअर आणि ज्यावर विसंबू नये असा रोध

प्रश्न थोडक्यात असा आहे. गाडीची १२ व्होल्टची बॅटरी स्टार्टरला शेकडो अँपिअर पुरवते, तरी तिच्या दोन्ही टोकांना कोरडा हात लावला तर काही जाणवत नाही. सिंथेटिक कपडा अंगावरून काढताना ठिणगी उडते तेव्हा हजारो व्होल्ट असतात, तरी माणूस नुसता दचकतो. घरातल्या २३० व्होल्टच्या सॉकेटवर मात्र जेमतेम ६ अँपिअर लिहिलेले असतात आणि तिथे माणूस दगावतो. मग जीव घेतात ते व्होल्ट की अँपिअर? शिवाय एमसीबी (प्रवाह मर्यादेबाहेर गेला की आपोआप पडून वीज तोडणारा स्विच) बसवलेला असेल, पायात रबरी चप्पल असेल आणि टेस्टरचा दिवा लागत नसेल, तर भीतीचे कारण उरते का?

कारखान्यांतील आणि इमारतींतील वीजसंचांची तपासणी व दुरुस्ती करण्यात माझी तीस वर्षे गेली आहेत आणि हा प्रश्न मला अनेकदा विचारला गेला आहे. ‘व्होल्टेज मारत नाही, करंट मारतो’ हे वाक्य या क्षेत्रात सर्रास ऐकू येते. शरीरशास्त्राच्या दृष्टीने ते खरे आहे, पण त्यावरून लोक जो निष्कर्ष काढतात तो घातक आहे. प्रवाह ही सॉकेटमध्ये आधीपासून भरून ठेवलेली वस्तू नाही. सॉकेटवर लिहिलेले ६ अँपिअर म्हणजे त्याच्या आतील धातूच्या पट्ट्या न तापता किती प्रवाह सोसू शकतात याची मर्यादा होय. तिथून किती प्रवाह बाहेर येईल याच्याशी त्या आकड्याचा काहीही संबंध नाही. किती प्रवाह वाहणार हे स्पर्शाच्या क्षणी ठरते आणि ते ठरवण्यात आपले शरीर, आपली त्वचा आणि आपल्या पायाखालची जमीन यांचा वाटा असतो.

गेओर्ग ओहम यांनी १८२७ साली मांडलेला संबंध शाळेत सर्वांनीच पाठ केलेला असतो: विद्युतदाबाला रोधाने भागले की प्रवाह मिळतो. सुरक्षिततेचा विचार करताना या सूत्राकडे थोडे वेगळ्या नजरेने पाहावे लागते. त्यातला दाब पुरवठ्याने ठरवलेला असतो आणि तो बऱ्यापैकी स्थिर असतो. प्रवाह हा परिणाम असतो. राहिला रोध, आणि धक्का बसण्याच्या वेळी या रोधात मुख्यत्वे आपणच असतो. तीन राशींपैकी सर्वांत बेभरवशाची राशी हीच आहे. विद्युत सुरक्षिततेची बहुतेक साधने आणि नियम का निर्माण झाले हे या एका गोष्टीवरून समजते, म्हणून पुढचे सगळे उत्तर मी तिच्याच आधाराने देतो.

आधी शरीर किती प्रवाह सोसू शकते ते पाहू. येथे आणि पुढे ५० किंवा ६० हर्ट्झच्या प्रत्यावर्ती प्रवाहाचा, म्हणजे एसीचा, विचार केला आहे. साधारण अर्धा ते एक मिलिअँपिअर प्रवाह बोटांना झिणझिण्यांच्या रूपात कळतो. १० मिलिअँपिअरच्या आसपास हाताचे स्नायू असे आखडतात की पकडलेली वस्तू सोडता येत नाही. अमेरिकेतील बर्कली येथील प्राध्यापक चार्ल्स डॅलझिएल यांनी १९४०च्या दशकात स्वयंसेवकांवर याचे काळजीपूर्वक प्रयोग केले होते. वस्तू सोडता येण्याची सरासरी मर्यादा त्यांना पुरुषांमध्ये सुमारे १६ आणि स्त्रियांमध्ये सुमारे १०.५ मिलिअँपिअर आढळली. मात्र जवळजवळ प्रत्येकाला सुरक्षित ठरेल असा आकडा शोधला तेव्हा तो अनुक्रमे ९ आणि ६ मिलिअँपिअरपर्यंत खाली आला. बोटे मिटवणारे स्नायू ती उघडणाऱ्या स्नायूंपेक्षा बळकट असतात, त्यामुळे दोन्ही एकदम आखडले की मूठ घट्ट मिटते. ‘विजेने ओढून घेतले’ असे जे म्हणतात ते हेच. वीज ओढत नाही. आपलाच हात सुटत नाही.

प्रवाह २० ते ३० मिलिअँपिअरच्या पुढे गेला आणि तो छातीतून जात असला, तर श्वासाचे स्नायू आखडू लागतात. त्यापुढची अवस्था हृदयाची. हृदयाचे ठोके हृदयातच निर्माण होणाऱ्या सूक्ष्म विद्युत संदेशांवर चालतात. बाहेरचा प्रवाह त्यांत मिसळला की निलयांचे, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यांचे, तंतू एका तालात आकुंचन पावण्याऐवजी स्वतंत्रपणे थरथरू लागतात आणि रक्त पुढे ढकलले जाणे थांबते. वैद्यकीय भाषेत याला व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन म्हणतात. हृदय या अवस्थेतून सहसा आपोआप सावरत नाही, बाहेरचा प्रवाह बंद केला तरीही नाही. हे किती प्रवाहाने घडेल ते तो प्रवाह किती वेळ वाहतो यावर फार अवलंबून असते. प्रवाह एक सेकंदाहून जास्त टिकला तर ५० मिलिअँपिअरच्या आसपास धोका सुरू होतो. पण प्रवाह सेकंदाच्या शंभराव्या भागांत तुटला तर काही शे मिलिअँपिअरही हृदय बहुधा सोसून नेते. कारण हृदयाच्या प्रत्येक ठोक्यात एक छोटा नाजूक कालखंड असतो. प्रवाह एका पूर्ण ठोक्याहून अधिक काळ टिकला तर तो त्या कालखंडाला गाठणारच.

मार्गही महत्त्वाचा आहे. डाव्या हातातून पायांकडे जाणारा प्रवाह हृदयाच्या दृष्टीने जितका धोकादायक, त्याच्या साधारण ४० टक्के धोका तेवढ्याच प्रवाहाचा एका हातातून दुसऱ्या हाताकडे जाताना असतो. छातीतून डाव्या हाताकडे जाणारा प्रवाह मात्र दीडपट धोकादायक मानला जातो. जुने कारागीर चालू पॅनेलसमोर मोजमाप करताना एक हात पाठीमागे किंवा खिशात ठेवतात. ती सवय या मार्गाच्या विचारातूनच आली आहे आणि ती उत्तम सवय आहे.

आता शरीराचा रोध. शरीराच्या आतील भाग म्हणजे क्षारयुक्त द्रवाने भरलेल्या ऊती. त्यांचा रोध एका हातापासून दुसऱ्या हातापर्यंत फक्त सुमारे ५०० ओहम असतो. उरलेले सगळे संरक्षण त्वचेच्या वरच्या मृत थराचे. कोरड्या, राठ त्वचेला बोटाचे टोक नुसते टेकवले तर रोध लाख ओहमच्या घरात असू शकतो. पण घाम आला, हात ओला झाला, स्पर्शाचे क्षेत्रफळ वाढले, बोट टेकवण्याऐवजी पाइप मुठीत धरला किंवा त्वचेवर लहानशी जखम असली, तर हा रोध झपाट्याने कोसळतो. याहून वाईट गोष्ट अशी की तो दाबावरही अवलंबून असतो: शंभर-दोनशे व्होल्टच्या पुढे त्वचेचा थर भेदला जातो आणि २३० व्होल्टला संपूर्ण शरीराचा रोध साधारण एक ते दीड हजार ओहमपर्यंत उतरतो. म्हणजे दाब दुप्पट झाला की प्रवाह दुप्पट होतो हा हिशेब शरीराला लागू पडत नाही. तो दुपटीहून जास्त वाढतो.

आकड्यांत पाहा. कोरड्या लाकडी फळीवर उभा राहिलेला माणूस कोरड्या बोटाने २३० व्होल्टच्या तारेला ओझरता स्पर्श करतो. वाटेतला एकूण रोध एक लाख ओहम धरला तर प्रवाह २.३ मिलिअँपिअर. तोच माणूस ओल्या फरशीवर अनवाणी उभा राहून तीच तार ओल्या मुठीत धरतो. रोध दीड हजार ओहम, प्रवाह सुमारे १५० मिलिअँपिअर. पहिल्या वेळी तो हात झटकून पुढे जाईल, दुसऱ्या वेळी कदाचित तो उरणार नाही. तार तीच आहे आणि दाबही तोच आहे.

याचे मी पाहिलेले एक उदाहरण सांगतो. एका वर्कशॉपमध्ये हाताने धरायचे एक धातूच्या आवरणाचे ड्रिल मशीन होते. तिथला एक फिटर ते कितीतरी महिने रोज वापरत होता आणि त्याची कधीही तक्रार नव्हती. एका सकाळी यंत्राचा पाया धुऊन काढल्यावर ओल्या काँक्रीटवर उभे राहून त्याने तेच ड्रिल चालू केले. त्याला ओरडताही आले नाही. बाजूच्या सहकाऱ्याला त्याचे खांदे थरथरताना दिसले आणि त्याने धावत जाऊन प्लग उपसला, म्हणून फिटर वाचला. नंतर मी ते ड्रिल उघडले. कार्बन ब्रश झिजून पडणारी काळी भुकटी आतल्या प्लास्टिकवर साचली होती, तिने ओल धरली होती आणि ब्रशच्या धारकापासून धातूच्या आवरणापर्यंत शिसपेन्सिलीने ओढल्यासारखी एक काळी रेघ उमटली होती. ती रेघ म्हणजेच विजेची वाट. प्लग उघडला तेव्हा अर्थिंगची हिरवी तार पिनला जोडलेली नव्हती. कोणीतरी ती छाटून तिच्यावर चिकटपट्टी गुंडाळली होती. हा दोष त्या सकाळी निर्माण झाला नव्हता. लाकडी पाटावर उभे राहून काम करणाऱ्या त्या माणसाच्या हातात त्या ड्रिलचे आवरण कितीतरी दिवस २३० व्होल्टच्या जवळपास राहिले असणार. त्या दिवशी बदलली ती फक्त पायाखालची जमीन.

‘इतके दिवस काही झाले नाही’ या वाक्याची मला भीती वाटते ती यामुळे. धक्का न बसणे हा उपकरण निर्दोष असल्याचा पुरावा ठरत नाही. त्यावरून फक्त एवढेच कळते की त्या-त्या वेळी वाटेत कुठेतरी पुरेसा रोध होता.

रबरी चपलेचे उत्तर यातच आले. कोरडी, न झिजलेली, तळाला चीर नसलेली चप्पल पायाच्या मार्गात मोठा रोध घालते आणि त्यामुळे अनेकांचे जीव वाचले आहेत, हे मी नाकारत नाही. पण तिचा रोध कोणी मोजलेला नसतो. काळ्या रबरात बहुधा कार्बन मिसळलेला असतो, तळ झिजलेला असतो, पट्टा ओला असतो आणि माणूस बसलेला, गुडघे टेकलेला किंवा भिंतीला कोपर लावून उभा असेल तर चपलेचा प्रश्नच उरत नाही. चपलेमुळे हातातून हाताकडे जाणारा मार्गही बंद होत नाही. रोधावर विसंबायचेच असेल तर तो मोजून, तपासून दिलेला रोध हवा: चाचणी केलेले रबरी हातमोजे, इन्सुलेटेड हत्यारे, किंवा चौकोनात चौकोन अशी खूण असलेली दुहेरी इन्सुलेशनची उपकरणे. वायरिंगचे इन्सुलेशनसुद्धा आम्ही ५०० व्होल्ट देऊन मोजतो आणि ते किमान १० लाख ओहम भरावे अशी अपेक्षा ठेवतो. मोजलेला रोध आणि गृहीत धरलेला रोध यांत एवढे अंतर आहे.

बॅटरी आणि ठिणगी या दोन उदाहरणांकडे आता सहज पाहता येईल. गाडीची बॅटरी शेकडो अँपिअर देऊ शकते, कारण तिचा अंतर्गत रोध काही हजारांश ओहम असतो आणि स्टार्टर मोटरचा रोधही तसाच अत्यल्प असतो. मध्ये माणूस आला की हजारो ओहम येतात. ओल्या हाताचे ३ हजार ओहम धरले तरी १२ व्होल्टला ४ मिलिअँपिअर, आणि तेही डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा प्रवाह, ज्याची जाणीव त्याच मानाने एसीपेक्षा कमी होते. दाब कमी असल्यामुळे त्वचाही भेदली जात नाही. पण त्याच बॅटरीच्या दोन टोकांमध्ये पाना किंवा हातातली अंगठी सापडली तर वाटेतला रोध ओहमच्या शंभराव्या भागांत मोजावा लागतो, ०.०२ ओहम धरला तर प्रवाह ६०० अँपिअर. त्या वेळी धक्का बसत नाही, मात्र धातू क्षणार्धात तापून बोट भाजते. बॅटरीवर काम करताना अंगठी आणि धातूचे घड्याळ काढून ठेवणे म्हणून अत्यावश्यक आहे.

ठिणगीच्या बाबतीत दाब प्रचंड असतो, पण त्याला मागून पुरवठा नसतो. माणसाच्या शरीराची धारिता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, सुमारे १०० पिकोफॅरड धरली आणि दाब १० हजार व्होल्ट धरला, तर साठलेली ऊर्जा केवळ ५ मिलिज्यूल भरते. स्पर्श होताच ती एका अत्यल्प क्षणात संपते आणि दाबही संपतो. म्हणजे ओहमच्या सूत्राला जोडून आणखी एक प्रश्न विचारावा लागतो: हा स्रोत आपला दाब किती वेळ टिकवून धरू शकतो? विजेच्या जाळ्याला जोडलेले सॉकेट तो अखंड टिकवते. मायक्रोवेव्ह ओव्हनच्या आतील ट्रान्सफॉर्मर हजारो व्होल्ट निर्माण करतो आणि ते शेकडो मिलिअँपिअरसह टिकवू शकतो. त्यातला कपॅसिटर, म्हणजे विद्युतभार साठवणारा भाग, प्लग काढल्यानंतरही भारित राहू शकतो. प्रशिक्षण नसलेल्या व्यक्तीने उघडू नये अशा घरगुती उपकरणांत मी त्याला पहिले स्थान देतो.

आता एमसीबी. १६ अँपिअरचा एमसीबी तारांना अति तापण्यापासून वाचवण्यासाठी असतो. मघाच्या हिशेबातल्या ओल्या फरशीवरच्या माणसातून ०.१५ अँपिअर वाहत होते. २३० व्होल्टला ०.१५ अँपिअर म्हणजे साधारण ३५ वॉट. एमसीबीच्या लेखी तो माणूस म्हणजे कोणीतरी लावलेला ३५ वॉटचा एक दिवा आहे आणि दिवा लावला म्हणून एमसीबी पडत नाही. जीव घेणारा प्रवाह आणि एमसीबी पाडणारा प्रवाह यांत शंभर पटींहून जास्त अंतर आहे. फ्यूजचेही तसेच.

एमसीबी माणसाला वाचवतो तो अर्थिंगच्या मदतीने. उपकरणाचे धातूचे आवरण जाड तारेने पृथ्वीशी आणि पुरवठ्याच्या मूळ बिंदूशी जोडलेले असेल, तर आतली फेजची तार आवरणाला टेकताच एक जवळजवळ शॉर्ट सर्किट तयार होते. त्या संपूर्ण वाटेचा रोध एक ओहम असला तर २३० अँपिअर वाहतात आणि १६ अँपिअरचा एमसीबी तत्काळ पडतो. येथे आपण रोध मुद्दाम कमी ठेवतो, म्हणजे प्रवाह मोठा व्हावा आणि यंत्रणेला दोष कळावा. ज्या ड्रिलची गोष्ट सांगितली त्याची हिरवी तार जागेवर असती तर आवरणावर माणसाला इजा करील इतका दाब टिकून राहिला नसता.

पण अर्थिंग आहे एवढे म्हणणे पुरेसे नाही, आणि या मुद्द्यावर अनुभवी लोकही चुकतात. काही ठिकाणी पुरवठादाराकडून अर्थची धातूची वाट येत नाही; घराशेजारी जमिनीत पुरलेला इलेक्ट्रोड, म्हणजे धातूची सळई किंवा पट्टी, हाच आधार असतो. त्याचा मातीशी असलेला रोध १० ओहम धरा, आणि हा आकडा वाईट म्हणता येणार नाही. ट्रान्सफॉर्मरकडील इलेक्ट्रोडचा रोध १ ओहम धरा. आता फेज आवरणाला टेकली तर २३० भागिले ११, म्हणजे जेमतेम २१ अँपिअर वाहतील. २० अँपिअरचा एमसीबी एवढ्यावर पडणार नाही. मोटर कदाचित चालूच राहील, वीज जमिनीत मुरत राहील आणि आवरणावर २१ गुणिले १० म्हणजे सुमारे २१० व्होल्ट ठाण मांडून बसतील, अर्थिंग जोडलेले असूनसुद्धा. कोरड्या ऋतूत माती वाळली की इलेक्ट्रोडचा रोध आणखी वाढतो. रोध बेभरवशाचा आहे असे मी म्हणतो तेव्हा त्यात मातीचा रोधही आला.

या कोंडीवरचा उपाय म्हणजे आरसीसीबी. त्यात फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारा एका चुंबकीय कड्यातून जातात. जेवढा प्रवाह गेला तेवढाच परत आला तर दोहोंचे चुंबकत्व एकमेकांना रद्द करते; काही भाग वाटेत जमिनीकडे गळला तर फरक उरतो आणि तो फरक ३० मिलिअँपिअर होण्याच्या आत किंवा होताच स्विच पडतो. आता वरच्या उदाहरणातला १० ओहमचा इलेक्ट्रोड पुन्हा पाहा: ३० मिलिअँपिअर गुणिले १० ओहम म्हणजे ०.३ व्होल्ट. इलेक्ट्रोडचा रोध बिघडून १ हजार ओहम झाला तरी आवरणावर ३० व्होल्टच्या वर दाब टिकू शकत नाही. रोधाबद्दल काहीही न मानता संरक्षण देणारे हे साधन आहे, आणि माझ्या मते घरगुती वीज सुरक्षिततेत यापेक्षा मोठी भर दुसऱ्या कोणत्याही साधनाने घातलेली नाही.

तरीही त्याच्या मर्यादा नेमक्या समजल्या पाहिजेत. आरसीसीबी प्रवाह ३० मिलिअँपिअरवर रोखून धरत नाही. माणूस थेट तारेला चिकटला तर त्याच्यातून रोधाप्रमाणे १५० मिलिअँपिअर वाहणारच. आरसीसीबी फक्त ते किती वेळ वाहू द्यायचे ते ठरवतो. प्रवाह निर्धारित मर्यादेच्या पाचपट असला तर त्याने ४० सहस्रांश सेकंदांत तोडणे अपेक्षित असते, आणि तेवढ्या वेळात हृदयाचा एक ठोकाही पूर्ण होत नाही. धक्का जाणवतो, चांगलाच जाणवतो, पण जीव वाचतो. दुसरी मर्यादा अधिक महत्त्वाची आहे: एक हात फेजवर आणि दुसरा न्यूट्रलवर पडला आणि माणूस लाकडी स्टुलावर चप्पल घालून उभा असला, तर जाणारा आणि येणारा प्रवाह समान राहतो; आरसीसीबीला सगळे सुरळीत दिसते आणि तो पडत नाही. ज्या स्टुलाला आणि चपलेला आपण संरक्षण समजतो त्यांनीच अशा वेळी आरसीसीबीला आंधळे केलेले असते. त्यावरचे चाचणीचे बटण काही महिन्यांतून एकदा दाबून तो खरोखर पडतो का हे पाहावे. आतली यांत्रिक कळ वर्षानुवर्षे न हलता अडकून बसलेली मी पाहिली आहे. तो वारंवार पडतो म्हणून काढून टाकणाऱ्यांना मी कळकळीने सांगतो की आधी गळती शोधा.

काही वेळा दाब असतो पण प्रवाह जवळजवळ नसतो. संगणकाच्या धातूच्या पेटीला मनगटाचा आतला भाग घासला की झिणझिण्या येतात आणि डिजिटल मीटर ११५ व्होल्टच्या आसपास दाखवतो, अशी तक्रार नेहमी येते. संगणकाच्या पॉवर सप्लायमध्ये फेज आणि न्यूट्रल या दोहोंपासून आवरणाकडे एकेक लहान कपॅसिटर जोडलेला असतो; अर्थिंग जोडलेले नसेल तर आवरण दोहोंच्या बरोबर मध्यावर, म्हणजे पुरवठ्याच्या निम्म्या दाबावर तरंगते. मात्र ते कपॅसिटर इतके लहान असतात की वाहणारा प्रवाह बहुधा अर्ध्या मिलिअँपिअरच्या आसपास राहतो. हे लगेच जीवघेणे नाही. पण मीटरवरचा तो आकडा अर्थिंग तुटल्याची ठळक सूचना आहे, आणि उद्या आतली फेज खरोखर आवरणाला टेकली तर काय होईल ते वर सांगितलेच आहे.

दाबच कमी ठेवणे हा आणखी एक मार्ग आणि जिथे शक्य आहे तिथे तो सर्वांत निर्धोक. सर्वसाधारण कोरड्या परिस्थितीत ५० व्होल्टपर्यंतचा एसी ही स्पर्शासाठीची परंपरेने मानलेली मर्यादा. ओलसर जागी ती २५ व्होल्टवर आणि पोहण्याच्या तलावाच्या पाण्यात १२ व्होल्टवर आणली जाते. या आकड्यांच्या उतरणीत त्वचेच्या ढासळत्या रोधाचाच हिशेब दडलेला आहे. याउलट उच्चदाबाच्या वाहिन्यांजवळ रोधाची भाषाच संपते, कारण तिथे स्पर्शाचीही गरज नसते; हवेतून ठिणगी उडते. तुटून जमिनीवर पडलेल्या वाहिनीभोवती मातीतच दाबाचा उतार तयार होतो आणि दोन पावलांमधल्या अंतरावर माणसाला धक्का बसू शकतो. तिथून दूर जायचे ते दोन्ही पाय एकमेकांना चिकटवून, अगदी लहान सरकत्या पावलांनी.

कोणी चिकटलेले दिसले तर त्याला हात लावण्याआधी मेन स्विच किंवा प्लग बंद करावा. त्याचे शरीर त्या वेळी तारेचाच भाग असते. बंद करणे शक्यच नसेल तर, आणि फक्त घरगुती दाबाच्या बाबतीत, कोरड्या लाकडाने त्याला अलग करावे. श्वास चालू नसेल तर मदत बोलावून लगेच छातीवर दाब देणे सुरू करावे आणि जवळ एईडी यंत्र (हृदयाला विद्युत झटका देणारे) असल्यास ते मागवावे. थरथरणारे हृदय त्या यंत्रानेच पुन्हा तालावर येते.

शेवटचा प्रश्न टेस्टरचा. स्क्रूड्रायव्हरसारख्या टेस्टरमधला निऑन दिवा सुमारे १० लाख ओहमच्या रोधातून आणि आपल्या शरीरातून जमिनीकडे जाणाऱ्या अत्यल्प प्रवाहावर लागतो. म्हणजे येथेही आपला आणि जमिनीचा रोध हिशेबात आला. खूप कोरड्या स्टुलावर उभे असताना, भरपूर उजेडात किंवा दिवा जुना झाला असताना तो लागलेला दिसत नाही आणि तार जिवंत असते. शिवाय न्यूट्रल कुठेतरी तुटलेला असेल तर पंखा बंद असतो, दिवा बंद असतो, आणि चालू ठेवलेल्या दिव्याच्या तंतूमधून आलेला फेजचा दाब न्यूट्रलच्या तारेवर उभा असतो. स्विच चुकून न्यूट्रलवर बसवलेला असेल तर बंद दिव्याच्या होल्डरमध्येही फेज असते. म्हणून तार मृत आहे हे ठरवताना मी प्रत्येक वेळी एकाच क्रमाने जातो: मेन स्विच बंद करून तो दुसऱ्या कोणी चालू करू नये म्हणून कुलूप लावतो, दोन टोकांचा चांगला टेस्टर आधी चालू असल्याची खात्री असलेल्या सॉकेटवर लावून तो दाखवतो का ते पाहतो, मग कामाच्या जागी फेज–न्यूट्रल, फेज–अर्थ आणि न्यूट्रल–अर्थ अशा तिन्ही जोड्या तपासतो, आणि त्यानंतर टेस्टर पुन्हा त्या चालू सॉकेटवर नेऊन तो मधल्या काळात बिघडला नाही ना हे पाहतो. हे सगळे झाल्यावर मी तारेला हात लावतो.